आपापला त्रिकोण

“म्हणजे मी तिला उपाशी ठेवू का, फादर?”

आवाज जरा चढलाच माझा. शेजारच्या टेबलावर डॉमिनो खेळत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण आईचा चढलेला आवाज बहुधा सगळ्या भाषांत कळतो.

“असं मी म्हणालो नाही,” फादर म्हणाले. “डबा पिशवीत ठेव, एवढंच म्हणालो.”

डबा स्टीलचा होता. आत मऊ भात, तूप, मीठ, चिमूटभर हिंग. भाड्याच्या घरातल्या काचेच्या शेगडीवर सकाळीच शिजवलेला. वालेन्सिया शहरात, जिथे जगभरातली माणसं भात खायला येतात, तिथे मी घरून भात घेऊन आले होते.

डबा मी पिशवीत ठेवला. पिशवी मात्र मांडीवरच ठेवली.

मृणू, म्हणजे माझी तीन वर्षांची मृण्मयी, खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. शेजारी तिचा कापडी ससा, गोबू. गोबूलाही खुर्ची हवी होती. मिळाली.

फादर बस्त्याव घोन्साल्विस वसईला आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या संस्थेनं त्यांना इथल्या मठात पाठवलं, तिथल्या म्हाताऱ्या साधूंची सोबत करायला. आता ते स्वतःच ऐंशीकडे झुकले आहेत. वसईत असताना लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जायचे आणि बरेचदा तोच प्रश्न घेऊन परत यायचे. तरीही पुन्हा जायचे.

नवऱ्याचं इथे काम निघालं म्हणून आम्ही मायलेकी सोबत आलो. आईनं फोनवर बजावलं होतं, “फादरना भेटल्याशिवाय परत येऊ नकोस.”

मला तर भेटायचंच होतं. प्रश्न तयार होता.

“माझ्या ऑफिसनं परत बोलावलंय,” मी म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून मेल लिहून ठेवलीय. पाठवायची बाकी आहे.”

“मग पाठव.”

“तसं नाही… तुम्हाला काय वाटतं?”

खरं सांगायचं तर मला सल्ला नको होता. शिक्का हवा होता.

फादरनी समोरच्या बशीतलं एक ऑलिव्ह उचललं. “नाही का म्हणतेस?”

“हिच्यासाठी. ही खातच नाही, फादर. वजन काट्यावर हलत नाही. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण डॉक्टरांना काय, ते रोज भरवायला येत नाहीत. पाळणाघरात ठेवून पाहिलं. दिवसभर तोंड मिटून बसली. ती फक्त माझ्याच हातून खाते.”

“आजीच्या हातून?”

“नाही.”

“बापाच्या?”

“त्याच्या तर मुळीच नाही.”

“हं.” फादरनी ऑलिव्हची बी तळहातात काढली. “आणि हे तू कोणाकोणाला सांगितलंस?”

मी आठवू लागले. सासूबाईंना. जावेला. ऑफिसातल्या मैत्रिणींना. विमानात शेजारी बसलेल्या बाईंना.

“…सगळ्यांना,” मी म्हणाले.

फादरनी दुसरं ऑलिव्ह उचललं.

तेवढ्यात खानावळीच्या मालकीणबाई आल्या. आम्पारो त्यांचं नाव. बेनिमाक्लेत नावाच्या या वस्तीतल्या सगळ्यांना त्या रागावतात असं फादरनी येतानाच सांगितलं होतं. रागावल्या नाहीत तर माणूस दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी करायला येतो म्हणे. चार टेबलं बाहेर झाडाखाली, पाच-सहा आत, वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदी टेबलक्लॉथला चिमटे, आणि भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही.

फादर त्यांच्याशी काहीतरी बोलले. बाईंनी कमरेवर हात ठेवले.

“काय म्हणतात?”

“भातात कोंबडी आणि ससा घालतात इथे. मी म्हटलं, ससा नको.”

मृणूनं झटकन गोबूला पोटाशी धरलं. कसं कळलं तिला, देव जाणे. ससा हा शब्द तिला कुठूनही ऐकू येतो. ‘जेव’ येत नाही.

“मग?”

“मग त्या म्हणतात, सशावाचून केला तर त्याला पायेया म्हणायचं नाही. भातात घातलेल्या वस्तू म्हणायचं.”

बाईंची नजर गोबूवर गेली. त्या थबकल्या. मग हात कमरेवरून काढून त्यांनी गोबूच्या कानाला हळूच चिमटा काढला, आणि आत गेल्या.

“करतील,” फादर म्हणाले.

भात यायला उशीर होता. इथे दुपारचं जेवण अडीच-तीनशिवाय सुरूच होत नाही. मृणूची जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. माझ्या मोबाइलनं तशी आठवण दोनदा करून दिली होती. मी पिशवीतल्या डब्यावर हात ठेवून बसले होते. जणू डबा उठून पळून जाणार होता.

“भूक लागली का ग मृणू?”

“नाही.”

“थोडी?”

“नाही.”

“पाणी?”

“नाही.”

“अनघा,” फादर म्हणाले, “तुला लागली का?”

काय विचारतात, तेच क्षणभर कळलं नाही.

*

भात आला तो थाळ्यांत नाही. दोन कानांची, बैलगाडीच्या चाकासारखी पसरट, उथळ कढईच आली. आम्पारोबाईंनी ती टेबलाच्या मधोमध तिवईवर ठेवली. लाकडाच्या धुराचा वास आला. पिवळा भात, बोटभर जाडीचासुद्धा नाही. त्यात कोंबडीचे तुकडे, घेवड्यासारख्या रुंद हिरव्या शेंगा, आणि टपोऱ्या पांढऱ्या बिया. अगदी आपली डबल बी.

बाईंनी तीन लाकडी चमचे ठेवले. मग एक लहान चमचा आणून गोबूपुढे ठेवला. गेल्या.

“थाळ्या राहिल्या,” मी म्हणाले.

“थाळ्या नसतात.”

“म्हणजे?”

“घरच्यांसारखं खायचं असेल तर असंच खातात. सगळे कढईभोवती. ज्याच्या पुढ्यात जेवढं, तेवढं त्याचं.” फादरनी हवेतच कडेपासून मध्यापर्यंत चमचा फिरवला. “त्रिकोण. कडेपासून मध्याकडे खात जायचं. दुसऱ्याच्या त्रिकोणात चमचा घालायचा नाही.”

“आणि कोणाला एखादी गोष्ट नको असेल तर?”

“ती मधे सारायची. ज्याला हवी तो घेईल.”

एकाच भांड्यातलं म्हणजे उष्टं, माझ्या मनात आलं. आजी असती तर टेबलावरून उठली असती. मग आठवलं, गेली तीन वर्षं मी दुसरं काय जेवते आहे? मृणूच्या वाटीत उरलेलं. उभ्यानं, ओट्यापाशी.

फादरनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. मृणूनं ते पाहून हात जोडले, गोबूचेही जोडले.

आणि मी कामाला लागले.

आधी माझ्या पुढ्यातली कोंबडी सोडवली. हाडं बाजूला, मऊ तेवढे तुकडे वेगळे. ते मृणूच्या त्रिकोणात सारले. शेंगा बारीक तोडल्या, त्याही सारल्या. डबल बियांची सालं काढली. भात गरम होता म्हणून तिच्या बाजूला फुंकर घातली. मग पुन्हा घातली. बोटानं चव घेऊन पाहिली, तिखट तर नाही ना. नव्हता. तरी दुसऱ्यांदा पाहिली.

माझ्या पुढ्यात नुसता भात राहिला होता. तिच्या पुढ्यात डोंगर.

“आ कर.”

मृणूनं ओठ मिटले.

“विमान आलं बघ, विमान…”

विमानतळ बंद.

“गोबू खातोय बघ. गोबूनं आ केला.”

मृणूनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे, गोबूला तोंड म्हणजे दोऱ्याचा एक टाका आहे.

फादर शांतपणे कडेपासून मध्याकडे खात होते. मी जरा पाठ वळवली. पिशवीतून डबा काढला. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून मी खोकले. मऊ भाताचा चमचा भरला, डाव्या हातानं तिची मान मागून धरली, आणि…

“नको!”

तिनं चमच्याला हात मारला. मऊ भात उडाला. तो पडला नेमका कढईत. फादरच्या त्रिकोणात.

कानशिलं तापली माझी. “अरे देवा. फादर, थांबा, मी काढते, थांबा…”

मी चमचा पुढे केला आणि थबकले. दुसऱ्याच्या त्रिकोणात चमचा घालायचा नव्हता.

फादरनी तो मऊ भात आपल्या पिवळ्या भातात कालवला. खाल्ला.

“तूप चांगलं आहे,” ते म्हणाले.

मला रडू आलं. तूप चांगलं आहे असं कोणी म्हटलं म्हणून रडू यावं, इथवर मी आता येऊन ठेपले होते. डॉमिनोवाल्यांपैकी एकानं न बोलता कागदी रुमालांचा डबा आमच्या टेबलाकडे सरकवला.

“आता तुम्हीच सांगा,” मी नाक पुसत म्हणाले. “बघितलंत ना? मी काय करायचं बाकी ठेवलंय?”

फादरनी एक शेंग तोंडात टाकली.

“पुस्तकं वाचली. डॉक्टर करून झाले. दृष्ट काढली. माझा विश्वास नाही, तरी काढली. सांगा ना, काय राहिलं?”

फादरनी चमचा खाली ठेवला नाही. त्याच्या कडेनं त्यांनी भातात एक रेघ ओढली. माझ्या आणि मृणूच्या मधून, कडेपासून थेट मध्यापर्यंत. भात दोन्हीकडे सरला आणि खालचा काळा पत्रा दिसला.

मग त्यांनी आपल्या पुढ्यातला कोंबडीचा सगळ्यांत चांगला तुकडा उचलला आणि कढईच्या मधोमध ठेवला.

“तुला द्यायचं असेल ते तिथे ठेव.”

“तिच्या पुढ्यात?”

“मधे.”

“तिचा हात पोचणार नाही. फादर, ती लहान आहे.”

फादर खात राहिले.

मी एक डबल बी उचलली. माझ्या पुढ्यात भातात दडलेली तेवढी एकच उरली होती. मधे ठेवली.

“ठेवली,” मी म्हणाले.

“हात काढ.”

मी पाहिलं. बी मधे होती, पण माझा चमचा अजून तिच्यावरच होता. मी तिला हळूहळू मृणूच्या बाजूला ढकलत होते.

मी चमचा उचलला. मागे घेतला.

“काढला.”

“दुसरा.”

“दुसरा काय?”

फादरनी फक्त माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

माझा डावा हात मृणूच्या मानेवर होता. केव्हापासून, कोणास ठाऊक. बोटं तिच्या केसांत रुतली होती. मी तो उचलला तेव्हा तिची मान खांद्यांमधून थोडी वर आली. पायाखाली दबलेली गवताची काडी पाय काढल्यावर उठते ना, तशी. तेवढीच. पण मला ती दिसली.

दोन्ही हातांचं काय करावं, हे मला कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. मांडीवर पिशवी होती. पिशवी खाली ठेवली.

आत बाईंचा आवाज येत होता, कोणावर तरी रागावत होत्या. झाडावरून एक पान कढईच्या कानावर पडलं. मृणूनं ते गोबूच्या डोक्यावर ठेवलं.

ती बी मधेच होती.

“ती घेत नाहीये,” मी कुजबुजले.

“हं.”

“मी नुसतं बसून राहू?”

“बसून कशाला,” फादर म्हणाले. “भात गार होतोय.”

मी माझ्याकडचा भात खाल्ला. पहिला घास गिळला तेव्हा कळलं की माझं पोट सकाळपासून रिकामं होतं. दुसरा घास मोठा घेतला. चव कशी होती म्हणून विचारलंत तर मासळी नाही, मसाला नाही, तरी काहीतरी खोल होतं त्यात. लाकडाचा धूर, कोंबडीचा रस, आणि असं काही, जे कोणीतरी घाई न करता केलेलं असतं. मी खात गेले. कडेपासून मध्याकडे. शिस्तीत.

मग चमचा टक्कन कशाला तरी लागला.

“खरवड!” मी म्हणाले.

कढईच्या तळाला भात चिकटून तांबूस, कडक झाला होता. आमच्याकडे ही भांड्याच्या बुडाशी उरते आणि भांडं घासायच्या आधी घरातली बाई ती खाते. कोणी ती टेबलावर आणून देत नाही.

“इथले लोक तिच्यासाठीच जेवतात,” फादर म्हणाले आणि चमचा उपडा धरून खर्र… खर्र… खरवडू लागले.

मीही लागले. निघेना. जोर लावला. खर्र. एक तुकडा उडून गालाला लागला. मी तो गालावरून काढून तोंडात टाकला. कुरकुरीत होता. थोडा करपलेला, थोडा खारट.

खर्र… खर्र…

दोन खर्रांमधे एक बारीक खर्र ऐकू आली. मी मान वर करणार होते.

“अनघा,” फादर खाली बघतच म्हणाले.

मी मान वर केली नाही. आयुष्यात एवढी कठीण गोष्ट मी क्वचितच केली असेल. बाळंतपण धरून. मी माझ्या त्रिकोणात बघत राहिले. खरवडत राहिले. माझे कान मात्र जेवत नव्हते. ते पलीकडच्या त्रिकोणात जाऊन बसले होते.

बारीक खर्र थांबली. खुर्ची हलली. टेबल जरासं हललं. एक लहानसा श्वास, कष्टाचं काम करताना घेतात तसा.

मग शांत.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ऑफिसचा निरोप: काय ठरलं, संध्याकाळपर्यंत नक्की कळवा. मी वाचला. मोबाइल उपडा ठेवला. आणि मग राहवलं नाही. वर पाहिलंच.

कढईच्या मधे काही नव्हतं.

कोंबडीचा तुकडा नव्हता. डबल बी नव्हती.

फादर झाडाकडे बघत होते. त्यांचं तोंड हलत होतं.

मृणू गोबूकडे बघत होती. तिचंही तोंड हलत होतं.

गोबूच्या दोऱ्याच्या टाक्याला पिवळं शीत चिकटलं होतं.

“बी कोणी घेतली?” मी विचारलं.

दोघंही शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांसारखी समोर बघत चावत राहिली.

“मृणू? तू खाल्लीस?”

मृणूनं फादरकडे पाहिलं. फादरनी मृणूकडे पाहिलं.

“मधली होती,” मृणू म्हणाली.

“हो, पण कोणी…”

“मधली,” ती पुन्हा म्हणाली. एवढीशी गोष्ट आईला कळत नाही, याचं तिला नवल वाटत असावं.

आम्पारोबाई बाहेर आल्या. कढईत डोकावल्या, माझ्याकडे बोट दाखवून फादरना काहीतरी म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता परत आत गेल्या. या वेळी मी काय म्हणाल्या ते विचारलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे पाळणाघर आलं. तिथली लहान लहान टेबलं, लहान लहान वाट्या. दार बंद होतं आणि बाहेर आई उभी राहते, तिला आतलं काही दिसत नाही, ते दार.

“फादर,” मी म्हणाले, “मी तिथे नसेन, तेव्हा तिनं खाल्लं की नाही, हे मला कळणार कसं?”

फादरनी चमचा कागदी रुमालानं पुसला. कढईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“तुझ्या पुढची खरवड अजून बरीच आहे, बाय,” ते म्हणाले. “तिथे आमचे चमचे चालत नाहीत.”